कालव्याकाठचे माहेर

१२ मे, रविवार. जहाजावर

एकदाची पोहोचले, आणि कबूल करते की जहाज छान आहे. पितळी कठडे चकचकीत, जिन्यावर गालिचा, आणि खोलीला खरीखुरी खिडकी. खिडकीबाहेर पाणी. थेरगावच्या माझ्या खोलीच्या खिडकीबाहेर समोरच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांची बनियने वाळत असतात, तेव्हा हा बदल मी तक्रार न करता स्वीकारला आहे.

सहल दिग्विजयने आणि वर्षालीने दिली. आई, तुम्हाला बदल हवाय, असे सूनबाई म्हणाल्या. बदल कोणाला हवा होता हे न कळण्याइतकी मी म्हातारी झालेले नाही. आधी चिंचवडच्या आणि मग चाकणच्या कारखान्यात प्रशासन विभागात जन्म काढला. माणसाला रजा कशासाठी हवी आहे आणि अर्जात त्याने काय लिहिले आहे, यातले अंतर मी नुसता चेहरा बघून सांगत असे. आता मुलगा चाकणला जातो, सून घरात बसून हिंजवडीच्या कंपनीची नोकरी करते, आणि मी मधल्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघते. त्यावर उपाय म्हणून उत्तर युरोपचा समुद्र. असो. जहाज छान आहे.

बरोबर चिंचवड-थेरगावातली ज्येष्ठ मंडळी आहेत. ज्येष्ठ म्हणजे ज्यांना विमानात खिडकीची जागा हवी असते आणि मग ती झोपतात. आमचा म्होरक्या समाधान नावाचा तरुण. नारिंगी छत्री उंच धरून चालतो आणि सगळ्या बायकांना मावशी म्हणतो. मी कोणाची मावशी नाही, मॅडम म्हण, असे मी त्याला स्पष्ट सांगितले. तो म्हणाला, हो मावशी.

खोलीत जोडीदारीण मंजुळाबाई. थेरगावच्या मूळच्या. जमिनी विकून घरात इतका पैसा आला आहे की युरोपला येताना बाईंनी दोन्ही हात कोपरापर्यंत सोन्याने भरून आणले. आमची सोसायटी त्यांच्याच शेतात उभी आहे म्हणे. मी चौथ्या मजल्यावर राहते म्हटल्यावर म्हणाल्या, ‘म्हंजी आमचा ऊस व्हता तितंच.’ चौथ्या मजल्यावर ऊस.

१३ मे, सोमवार. समुद्रात

न्याहारीला साठ पदार्थ मांडलेले, आणि आमची मंडळी पर्समधून लसणाची चटणी काढून पावाला लावतात. शेजारच्या टेबलावरची जर्मन बाई उठून गेली. कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट आम्हाला काट्याचमच्याने केळे खायला लावत. त्या हे पाहायला नाहीत, हे त्यांचे नशीब.

उद्या कालव्यांचे शहर. नाव लिहीत नाही, कारण जहाजावर दोन माणसे ते एकसारखे उच्चारत नाहीत आणि समाधानचा उच्चार ऐकून तर तिथल्या महापौरांनी राजीनामा द्यावा. शहर सहाशे वर्षांचे. रस्त्यांच्या जागी पाणी, घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात. आमच्या मंडळींचा कार्यक्रम ठरलेला: छत्रीमागे चालणे, होडीत बसणे, चॉकलेटच्या दुकानात दीड तास, परत. मी सांगितले की मी स्वतंत्र फिरणार. सहाशे वर्षांचे शहर चॉकलेटसाठी बघायचे असेल तर चिंचवड स्टेशनसमोर काय वाईट आहे? समाधान म्हणाला, मावशी, पाचला बस सुटते, चुकली तर जहाज थांबत नाही. बस चुकणारे लोक माझ्या हाताखाली होते, मी नव्हे.

मंजुळाबाईंनी पलंगावर नारळ, खण, तांदळाची पुडी आणि हळदीकुंकवाचा करंडा मांडला. कालव्याची ओटी भरणार. वाहते पाणी म्हणजे बाईच, गावाला गेले की तिची ‘वटी’ भरायची, असे त्यांचे म्हणणे. मी सांगितले की कालवा नदीसारखा आपोआप होत नाही, माणसांनी खणलेला असतो. तर म्हणाल्या, ‘मंग ती तर लेकच झाली की वं.’ अशा माणसांशी वाद घालायला आणखी एक जन्म हवा.

१४ मे, मंगळवार. रात्री, जहाजावर

दिवस फार चांगला गेला. सविस्तर लिहिते.

बस सकाळी शहराच्या वेशीवर थांबली. समोरच दगडी पूल आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. मंजुळाबाईंनी तिथेच ताट काढले. सगळ्या बायका पदर सावरून रांगेला लागल्या. एकेकीला हळदकुंकू लावून मूठभर तांदूळ हातात देणे चालले होते. माझ्यापर्यंत आल्या, ताट जरासे थांबले आणि पुढे सरकले. नऊ वर्षांपूर्वी हे गेले तेव्हापासून हे सरकणे मला पाठ आहे. मग गोड आवाजात, ‘तुमी फोटू काडा, बाई. तुमचा हात चांगलाय.’ काढले. सगळ्यांची डोकी कापून काढले.

तांदूळ आणि नारळ पाण्यात गेले. एका गोऱ्या पोलिसाने लांबून काही तरी म्हटले, समाधानने छत्री हलवून त्याला नमस्कार केला. मी निघाले.

शहर सुंदर आहे हे सांगायला मला लाज वाटत नाही. उंच, चिंचोळी विटकरी घरे, पायऱ्यांसारखी कापलेली छपरे, आणि त्या सगळ्यांची दुसरी प्रत खाली पाण्यात, उलटी. पाणी हिरवे, पण टापटिपीचे हिरवे. आमच्या पवनेला उन्हाळ्यात जलपर्णी चढते तसले नव्हे. मुख्य कालव्यावर मात्र होड्याच होड्या, आणि त्यांत कानाला माहिती सांगणारी यंत्रे लावलेली माणसे एकाच वेळी डावीकडे आणि एकाच वेळी उजवीकडे बघतात. चर्चमध्ये गेले. वेदीवरच्या पांढऱ्या लेसला हात लावून पाहिला. आमच्या कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये असलीच होती. एका दुकानात तसलाच रुमाल विचारला, किंमत ऐकून रुमाल आणि दुकानदार दोघांकडे नीट बघितले आणि बाहेर पडले.

फोनमधले नकाशे मी वापरत नाही. घंटाघराचा मनोरा कुठूनही दिसतो, तो डोळ्यासमोर ठेवून मागच्या गल्ल्यांत शिरले. माणसे कमी होत गेली. होड्या संपल्या. एका वळणानंतर कालवा अगदी अरुंद झाला, दोन्हीकडची घरे पाण्यावर झुकलेली, आणि मनोरा दिसेना. गुडघे बोलायला लागले होते. तिथे रस्त्याच्या पातळीखाली एक दार उघडे होते. चार पायऱ्या उतरून जावे असे. उंबरा ओला.

दारात एक म्हातारी उभी होती. करडा झगा, डोक्याला पांढरा रुमाल. तिने हाताने बोलावले. अनोळखी माणसाला बोलवावे तसे नव्हे; किती गं उशीर केलास, असे. ही जुनी घरे हल्ली तिकीट लावून दाखवतात, तसलेच काही असेल, निदान बसायला मिळेल, म्हणून मी आत गेले.

खोली स्वच्छ होती. भिंतीला लागून बुटक्या खुर्च्या, बायकांच्या मापाच्या, पुष्कळ. खिडक्या पाण्याच्या बरोबरीला, त्यामुळे छतावर उजेड हलत होता. मी माझ्या चांगल्या इंग्रजीत बोलले, तिने उत्तर दिले नाही. समोर उभी राहून माझ्या कपाळाकडे बघत राहिली. मग आतून एक ताट आणले. त्यात गहू, एक सफरचंद आणि घडी घातलेली लेस, जवळजवळ खणाएवढी. तिने बोट पाण्यात बुडवून माझ्या कपाळाला लावले आणि ताट उचलले.

माझा पदर पुढे झाला. मी केला असे म्हणता येणार नाही. नऊ वर्षांत कोणी माझी ओटी भरली नव्हती, आणि हात पदर धरायला विसरले नव्हते. गहू पडले, फळ पडले, लेस पडली. आणि मग रीत म्हणून मी चिमूटभर गहू उचलून तिच्या ताटात परत टाकले. लेकीने असे टाकायचे असतात. तिचा वाटा त्या घरात राहतो. त्या म्हातारीला हे कुठले माहीत असायला. पण तिने ते दाणे निरखून पाहिले आणि हसली. हसताना ओठाच्या कोपऱ्यातून पाण्याची बारीक धार हनुवटीवर उतरली. वय झाले की होते असे. मी नजर वळवली.

बाहेर आले तर मनोरा समोरच. पाचाच्या आधी बसमध्ये होते, चॉकलेटवाले नंतर आले.

खोलीत मंजुळाबाईंसमोर मी ओटी सोडली. मुद्दामच. लेस उलगडून दाखवली. कुणी भरली म्हणाल्या. एका घरी, म्हटले. ‘कुणाच्या घरी? वळख ना पाळख, आन् वटी घेटलीसा?’ ज्या बाईने सकाळी एका गटाराला खण वाहिला, ती मला विचारते. माझ्या जिवाला फार बरे वाटले.

१५ मे, बुधवार

पदर वाळत नाही. रात्री पंख्याखाली टाकला होता, सकाळी गहू परत बांधलेली गाठ ओलीच. दाण्यांना कुबट वास येऊ लागला म्हणून डेकवर जाऊन सगळे समुद्रात टाकले. सफरचंद कापले तर आत गर नाही, पाणी. लेस ठेवली आहे, लेसचा काय दोष.

दुपारी दुसरे बंदर. हे शहर कसल्याशा लोकरीसाठी प्रसिद्ध आहे, म्हणजे पुन्हा दुकाने. मी कठड्याशी उभी होते. खाली धक्क्यावर ऊन होते, आणि उन्हात एक लांब काळ्या कोटातला माणूस उभा. चाळिशी उलटलेला, रुंद खांद्यांचा. कोटाच्या टोकांतून पाणी गळत होते. त्याने माझ्याकडे बघून हात वर केला. यष्टीतून उतरणाऱ्या आपल्या माणसाला करतात तसा. बंदराचा कोणी कर्मचारी असेल. गबाळे लोक.

खोलीत परत आले तर त्याच पदराच्या गाठीत गहू.

मंजुळाबाईंनी विनोद केला असेल. त्यांची विनोदबुद्धी याच पातळीची आहे.

१६ मे, गुरुवार

तिसरे बंदर, रात्रभर प्रवास करून आलेले, देशसुद्धा वेगळा. माझे डोके दुखत होते, खाली उतरले नाही. समाधान छत्रीसकट दारात आला. मावशी, तुमचे कोणी इकडे असतात का? खाली एक जण तुमच्यासाठी थांबलेत. नाव सांगत नाहीत, पण घरातलेच वाटतात, नाक अगदी तुमचे.

नाक तुमचे, म्हणे. मी त्याला सांगितले की माझे नाक माझ्या वडिलांचे आहे, ते युरोपात कोणाला वाटायला गेलेले नव्हते. तरी कठड्यावरून पाहिले. तो शिडीच्या पायथ्याशी होता. वर बघत होता. नाक—

मी कबूल करणार नाही. लांबून काहीही दिसते.

मंजुळाबाईंना समाधानने सांगितलेच होते. त्या पलंगावर बसून बांगड्या मागेपुढे करत होत्या. म्हणाल्या, ‘मुराळी आला म्हनायचा तुमचा.’ आधी हसल्या. मग हसल्या नाहीत.

मुराळी मला माहीत आहे. कॉन्व्हेंटात शिकवत नसले तरी सासरी शिकवतात. लेकीला माहेरी न्यायला येणारा भाऊ. मी एकुलती एक. पहिल्या दिवाळीला दोन्ही जावांचे भाऊ आले, टोप्या घालून ओटीवर बसले, चहा प्याले, बहिणींना घेऊन गेले. माझ्याकडे बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, हिचे बरे आहे, हिला न्यायला कोणी येत नाही, भाकरी करायला माणूस राहते. पुढे दरवर्षी म्हणत. मला त्याचे कधी काही वाटले नाही.

मंजुळाबाईंनी विचारले, चिमूट परत टाकली होती का. टाकली होती, म्हटले. त्यांनी करंडा उचलून पर्समध्ये ठेवला आणि तोंड भिंतीकडे करून झोपल्या. भर दुपारी.

१७ मे, शुक्रवार

मंजुळाबाई दुसऱ्या खोलीत गेल्या. माझ्या अंगाला ‘त्या पान्याचा’ वास येतो म्हणाल्या. जन्मात कोणी मला असे बोलले नव्हते. सामान न्यायला समाधान आला तेव्हा त्या दारातून आत आल्यासुद्धा नाहीत.

मी दोनदा साबण लावून आंघोळ केली.

लेसही समुद्रात टाकली. आज बंदर नाही. सगळीकडे नुसते पाणी आहे, आणि आज कोणी दिसले नाही, हे मी दुपारपासून स्वतःला सांगते आहे.

१९ मे, रविवार. थेरगाव

घरी. चाळीस अंश. डांगे चौकात तासभर गाडी अडकली, चहूबाजूंनी हॉर्न, धूळ, कोणी तरी कोणाच्या आईचा उद्धार करत होते. इतके कोरडे, इतके कर्कश काही मला आजवर आवडले नव्हते. आमच्या सोसायटीत पाणी एक दिवसाआड येते. आज येणार नव्हते. उत्तम.

दिग्विजयने विचारले, मजा आली का. आली म्हटले. वर्षालीने विचारले, फोटो? बायकांची डोकी नसलेले फोटो तिला दाखवले. ती हसली. तिला हसताना मी फारसे पाहिलेले नाही. मी खोलीत असते तेव्हा ती हसत नाही, त्याला कारणे असतील.

साडी धोब्याकडे दिली. गाठ बघितली नाही.

२० मे, सोमवार

अकराच्या सुमारास खालून साहेबरावचा फोन. आमचा वॉचमन, परभणीकडचा, निम्मा वेळ झोपलेला असतो. म्हणाला, मॅडम, तुमचे भाऊ आलेत, बसवलंय. काही बोलत नाहीत. पाणी दिलं तर नको म्हणले मानेनंच.

गॅलरीतून पाहिले. त्याच्या खोपटाबाहेरच्या बाकावर, ऊन मी म्हणत असताना, लांब काळा कोट. बाकाखाली डबके.

मी साहेबरावला म्हटले, मला भाऊ नाही, हाकल त्याला. तो हलक्या आवाजात म्हणाला, असं नका बोलू मॅडम. लांबून आलेत ते.

मी खाली गेले. मी घाबरणारी बाई नाही. संपाच्या दिवसांत गेटवर दोनशे कामगारांसमोर उभी राहिलेली आहे. त्याला मराठीत सांगितले, मग इंग्रजीत सांगितले, की मी येणार नाही, मी त्याची कोणी लागत नाही, त्याने चालते व्हावे. तो ऐकत होता असे वाटले नाही. माझ्याकडे बघून हसला. ओठाच्या कोपऱ्यातून पाणी आले. मग माझ्या डोक्यावरून वर आमच्या गॅलरीकडे बघत राहिला.

बरोबर आहे. लेकीचे बोलणे मुराळी ऐकत नसतो. न्यायचे की नाही हे दोन घरांनी ठरवायचे असते.

२१ मे, मंगळवार

अजून तिथेच आहे. सोसायटीतली मुले त्याच्या डबक्यात उड्या मारतात. शेजारच्या बाई म्हणाल्या, भाऊ आलेत वाटतं, छान, हल्ली कोण कोणाला न्यायला येतं?

वर्षाली त्याला मामा म्हणते. सकाळी चहा घेऊन खाली गेली, तसाच भरलेला कप घेऊन वर आली, म्हणाली, मामा काही घेत नाहीत, आई, बरे नाही का त्यांना. मी दिग्विजयला विचारले, तुला मामा कधीपासून? त्याने मोबाइल खाली ठेवून माझ्याकडे बघितले. विसरायला लागलेल्या म्हाताऱ्यांकडे बघतात तसे. आई, असं काय करतेस, मामाच नाहीत का ते? लग्नात नव्हते का आमच्या?

लग्नाचा अल्बम काढला. नव्हता. सगळे फोटो दोनदा पाहिले. नव्हता.

दिग्विजय म्हणाला, ठीक आहे आई, ठीक आहे. आणि अल्बम माझ्या हातातून काढून घेतला.

एकच वाक्य लागते. माझ्या सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून ते बोलत, काम निघाले असले की. यंदा पाठवत नाही. त्यावर जावांचे भाऊ एक शब्द न बोलता आल्या पावली परत जात. सासरच्या माणसाने म्हणायचे असते. हे नाहीत, सासूबाई नाहीत, म्हणजे दिग्विजयने. त्याने खाली जाऊन एवढेच म्हणावे: आम्ही यंदा पाठवत नाही, आई आम्हाला घरात हवी आहे.

हे त्याला सांगायला हवे. म्हणजे मागायला हवे. मी या मुलाकडे काही मागितलेले नाही. औषधे मी माझ्या पेन्शनमधून आणते. मला ठेवून घ्या, असे मी त्याला म्हणायचे? ज्याला मी काल जेवताना म्हटले की तुझ्या बायकोला आमटीत मीठ आणि घरात माणसे दोन्ही अंदाजाने—

संध्याकाळी तीनदा त्याच्या दाराशी गेले. आत दोघे हळू बोलत होते.

उद्या. उद्या चाकणला निघायच्या आधी सांगेन.

२२ मे, बुधवार. सकाळ

उठले तोवर तो गेलेला. आज लवकरची शिफ्ट होती म्हणे, मला सांगितले नव्हते. मी तरी कधी विचारते.

बाकावर कोणी नाही. साहेबराव म्हणाला, आत्ताच तर जिन्यात गेले. लिफ्ट नको म्हणले.

जिना ओला आहे. दुसऱ्या मजल्यापर्यंत.

नंतर

दिग्विजयला फोन. उचलत नाही. मीटिंग.

पुन्हा.

तिसरा मजला. हळू चढतो. घाई नाही. त्याला का असेल—

वर्षाली आतून बॅग घेऊन आली. माझी. भरलेली. कधी भरली? इस्त्रीची साडी, चश्मा, गुडघ्यांचे तेल. तेलसुद्धा आठवणीने. मी तिला म्हटले, वर्षाली, ऐक— तिच्या कानात कंपनीचा फोन होता, बोट दाखवून म्हणाली, एक मिनिट आई.

नंतर

उचलला. मागे यंत्रांचा आवाज. मी म्हटले. सगळे म्हटले. मला इथे राहायचे आहे, तू सांग त्याला, तू एकदा सांग, पाठवत नाही म्हण, तुझ्या पाया—

तो म्हणाला, आई, पण मी तर सकाळी निघतानाच हो म्हटलं. इतक्या लांबून आलेत. चार दिवस बदल होईल तुला. तू तर म्हणायचीस, तुला न्यायला कधी कोणी—

हे मी त्याला कधी सांगितले होते? मी कोणालाच—

म्हटले, तू परत ये, फिरव शब्द. म्हणाला, आता कसं फिरवायचं, वाईट दिसतं. आणि मामा बोलले ना माझ्याशी. छान बोलले. घरी सगळ्या वाट बघताहेत म्हणाले. तुझी खुर्ची—

कट झाला. की मीच—

बेल वाजली. वर्षाली दार उघडते आहे. या मामा, या, म्हणते आहे, आईंचं झालंच आहे.

वास. तोच.

मी आतल्या खोलीत आहे, कडी लावली आहे, लिहिते आहे, कारण लिहिते आहे तोवर—

वर्षाली दाराशी. चपला काढून ठेवल्यात म्हणते. मी म्हटले, मला जायचे नाही. मोठ्याने म्हटले. ऐकू गेले तिला. ती हसली, पहिल्यांदा माझ्याशी इतक्या प्रेमाने, म्हणाली, असं सगळ्याच म्हणतात हो आई, आणि एकदा माहेरी गेलं की मग कोणी परत यायचं नाव—